आकडे यंत्राच्या मापाचे

२००३ साली रेड हॅट लिनक्स ९ बरोबर पोस्टग्रेस या डेटाबेसची ७.३ ही आवृत्ती येत असे. तिची कॉन्फिगरेशन फाइल उघडली की शेअर्ड बफर्सच्या ओळीत ६४ हा आकडा दिसायचा. एक बफर, म्हणजे डिस्कवरचं एक पान मेमरीत धरण्याची जागा, ८ केबीचा; सगळे मिळून ५१२ केबी. तेव्हा साधा सर्व्हर घेतला तरी त्यात ५१२ एमबी रॅम असायची. थोडक्यात, डेटाबेस स्वतःच्या बफरांसाठी यंत्राच्या मेमरीचा हजारावा हिस्साच मागत होता. आमच्या डेटाबेस ट्यूनिंगच्या कामात नव्यानं आलेली मुलं जुन्या फाइलमध्ये हा आकडा पाहतात तेव्हा लिहिणाऱ्यांना नावं ठेवतात. मला तो आकडा आदरानं वाचावासा वाटतो.

कारण तो कुणीतरी विचार करून घातलेला होता. बफरांची ही मेमरी सगळ्या प्रोसेसना मिळून वापरायची असते, म्हणून ती कर्नलकडून मागून घ्यावी लागते. एका वेळी किती मागता येईल याची कमाल मर्यादा कर्नलमध्ये ठरलेली असे. लिनक्सवर ही मर्यादा ३२ एमबी होती, बीएसडीच्या घराण्यात ४ एमबी, जुन्या सोलॅरिसवर १ एमबी. एससीओ ओपनसर्व्हरवर तर ती ५१२ केबीच होती. तिथं ६४ बफरही बसत नसत, म्हणून पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये एससीओवाल्यांसाठी २४ बफरांचा वेगळा हिशेब छापलेला असायचा. मर्यादेपेक्षा जास्त मागितलं की सर्व्हर सुरूच व्हायचा नाही. पडद्यावर शममॅक्स नावाच्या कर्नल सेटिंगबद्दल लांबलचक सूचना यायची आणि काम तिथंच थांबायचं.

एखाद्या कॉलेजात, कुणाच्या तरी उसन्या यंत्रावर, पहिल्यांदाच डेटाबेस बसवणाऱ्या मुलाला ती सूचना दिसली असती तर त्यानं नाद सोडला असता. म्हणून लिहिणाऱ्यांनी जवळपास कुठल्याही यंत्रावर चालेल इतका लहान आकडा निवडला. सर्व्हर आधी सुरू तर होऊ दे, मोठं यंत्र असेल तो आपला आकडा वाढवून घेईल, असा तो हिशेब होता. गरिबातल्या गरीब यंत्राची सोय पाहणारा हा निर्णय मला आजही पटतो. त्याची किंमत मात्र मोठ्या यंत्रांच्या मालकांना मोजावी लागली, कारण आकडा वाढवायचा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

कॉन्फिगरेशन फाइलमधला जवळजवळ प्रत्येक आकडा असा कुठल्यातरी खऱ्या यंत्राचं माप घेऊन बसलेला असतो. ते यंत्र भंगारात जातं, आकडा फाइलमध्ये राहतो. डेटाबेस ट्यूनिंगचा सारा धंदा या दोहोंमधल्या अंतरातून उभा राहिला. तो इतिहास सांगायचा तर सुरुवात बर्कलीपासून करावी लागते.

१९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस या डेटाबेसचं काम सुरू केलं. यंत्र होतं पीडीपी-११ आणि त्यावर तेव्हा नवीन असलेलं युनिक्स. पीडीपी-११ वर एका प्रोसेसला ६४ केबीच पत्ते मिळत, त्यापलीकडचं तिला दिसतच नसे. अख्खा डेटाबेस तेवढ्यात मावेना. मग त्यांनी त्याचे तुकडे करून चार प्रोसेस केल्या आणि त्या पाइपांनी एकमेकींना जोडल्या. पहिली वापरणाऱ्याशी बोलायची, दुसरी क्वेरी तपासायची, पुढच्या दोघी ती चालवायच्या. ट्यूनिंगची फाइल वगैरे काही नव्हतं. यंत्राच्या मापानं अख्खा प्रोग्रामच कातरलेला होता. पोस्टग्रेस हे याच घराण्यातलं पुढचं अपत्य. १९८६ मध्ये स्टोनब्रेकरनीच ते सुरू केलं आणि १९९६ पासून ते पोस्टग्रेसक्यूएल या नावानं चाललं आहे.

सत्तरच्याच दशकात सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा डेटाबेस तयार होत होता. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक निबंध मांडला. एखादी क्वेरी किती मार्गांनी चालवता येईल आणि त्यातला स्वस्त मार्ग कोणता, हे डेटाबेसनं स्वतः कसं ठरवावं, याची रीत त्यात आहे. खर्चाचं सूत्र दोनच पदांचं. डिस्कवरून किती पानं आणावी लागतील हे पहिलं पद. दुसरं पद सीपीयूला करावं लागणारं काम, पण त्याला डब्ल्यू नावाच्या एका अंकानं गुणलेलं. या डब्ल्यूची किंमत त्यांनी पक्की बांधून टाकली नाही. तुमच्या यंत्रावर डिस्क महाग आहे की सीपीयू, त्याप्रमाणे तो बदलता यावा अशी सोय ठेवली. माझ्या मते ट्यूनिंगच्या कामाची जन्मतारीख लिहायची तर ती इथं लिहावी. सूत्र शास्त्रज्ञांचं, पण त्यातला एक आकडा यंत्राच्या मालकावर सोपवलेला.

पैशाचा हिशेब उघडपणे मांडला तो जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी. दोघं टँडम कंपनीत होते. १९८५ च्या सुमारास त्यांनी तो लिहिला आणि १९८७ मध्ये तो सिगमॉड या डेटाबेसच्या परिषदेत आला. त्यांच्याकडची डिस्क साधारण १५,००० डॉलरची आणि ती सेकंदाला पंधरा वेळा इकडेतिकडे जाऊन माहिती आणू शकायची. म्हणजे सेकंदाला एक फेरी हवी असेल तर डिस्कपोटी १,००० डॉलर, आणि ती फेरी हाताळणाऱ्या सीपीयूपोटी आणखी १,००० डॉलर. मेमरीचा एक एमबी ५,००० डॉलरला, म्हणजे एक केबी ५ डॉलरला. आता एक केबीची नोंद मेमरीत धरून ठेवायची की दर वेळी डिस्कवरून आणायची? २,००० ला ५ नं भागा, ४०० सेकंद येतात. त्याहून वारंवार लागणारी नोंद मेमरीत ठेवणं स्वस्त, क्वचित लागणारी डिस्कवर ठेवणं स्वस्त. त्यांनी गोळाबेरीज करून त्याला पाच मिनिटांचा नियम म्हटलं.

मला या निबंधाचं मोल वाटतं ते त्याच्या सरळपणामुळे. किती मेमरी हवी याचं उत्तर 'जेवढी मिळेल तेवढी' असं न देता बाजारभाव घेऊन भागाकार करायला त्यांनी शिकवलं. १९९७ मध्ये ग्रे यांनी गोएट्झ ग्रेफ यांच्याबरोबर तोच हिशेब पुन्हा केला. एव्हाना एमबीचा भाव १५ डॉलरवर आला होता, २,००० डॉलरची डिस्क सेकंदाला ६४ फेऱ्या मारत होती आणि पान ८ केबीचं झालं होतं. उत्तर आलं २६६ सेकंद, म्हणजे परत पाच मिनिटंच. भाव कोसळले तरी एकमेकांशी त्यांचं प्रमाण टिकून राहिलं. पुढं फ्लॅश मेमरी आली तेव्हा ग्रेफ यांनी विसाव्या वर्षी हा हिशेब एकट्यानं केला. जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या बोटीतून निघालेले ग्रे परत आले नाहीत, त्यांचा मागही लागला नाही.

नव्वदच्या दशकात ट्यूनिंगचं हे काम आपल्याकडे पोचलं ते ओरॅकलबरोबर. पुण्या-मुंबईत ओरॅकलचे वर्ग भरून वाहत होते आणि डीबीए, म्हणजे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, ही नोकरी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत दिसू लागली होती. ओरॅकल ७ बरोबर इनिट डॉट ओरा ही नमुन्याची फाइल मिळे. तिच्यात प्रत्येक सेटिंगपुढं तीन पर्याय असत, स्मॉल, मीडियम आणि लार्ज. डेटाबेसच्या बफरांसाठी स्मॉलला १००, मीडियमला ५५०, लार्जला ३,२००. ब्लॉक २ केबीचा धरला तर लार्जमध्येही साडेसहा एमबी होत नाहीत. तुम्ही फक्त योग्य ओळीपुढचं चिन्ह काढायचं. मायएसक्यूएलनं पुढं हीच वाट धरली. स्मॉल, मीडियम, लार्ज आणि ह्यूज अशा नावांच्या तयार फाइली त्यात असत. त्यातली ह्यूज ही एक ते दोन जीबी रॅमच्या यंत्रासाठी होती आणि स्मॉलमध्ये इंडेक्सच्या बफराला १६ केबी दिलेले होते. दोन जीबी रॅम फोनमध्ये येऊ लागली त्याच सुमारास, ५.६ या आवृत्तीत, या फाइली काढून टाकल्या गेल्या.

ओरॅकलच्या त्याच वर्गांमध्ये आम्हाला हिट रेशो शिकवला गेला. लागलेल्या पानांपैकी किती पानं बफरात सापडली, याची टक्केवारी. नव्वदच्या वर असेल तर डेटाबेस उत्तम, खाली असेल तर मेमरी वाढवा. कित्येक कार्यालयांत दर सोमवारी ही टक्केवारी छापून साहेबांच्या टेबलावर जायची. एकच क्वेरी तीच ती पानं लाखो वेळा चाळत बसली तर हिट रेशो नव्याण्णववर जातो आणि बाहेर माणसं रांगेत उभी राहतात, हे कुणी सांगत नसे. २००१ च्या सुमारास कॅरी मिलसॅप यांनी नव्याण्णव टक्केसुद्धा वाईट का असू शकतात ते स्वच्छ मांडलं. कॉनर मॅकडोनल्ड यांनी तर मागाल तो हिट रेशो काढून देणारा प्रोग्रामच लिहून दाखवला. तो चालवला की टक्केवारी वाढे, काम एक कणभरही जलद होत नसे. ओरॅकलच्या आत 'कुणी कशासाठी किती वेळ थांबलं' याची नोंद नव्वदच्या दशकाच्या आरंभापासूनच होती. तिच्याकडे पाहायला आमच्या पिढीला दहा वर्षं लागली.

थांबण्याची ही नोंद का महत्त्वाची, ते मला एका साखर कारखान्यात नीट कळलं.

कृष्णाकाठचा सहकारी कारखाना. गळीत हंगाम ऐन भरात. काट्यावर उसाची वाहनं रात्रंदिवस लागलेली, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच बैलगाड्यांची रांग. प्रत्येक वाहनाचं भरलेलं आणि रिकामं वजन पोस्टग्रेस ७.३ मध्ये नोंदलं जायचं आणि चिठ्ठी छापून वाहनवाल्याच्या हातात पडायची. ज्या रात्री पंधरवड्याचं बिल लागायचं त्या रात्री चिठ्ठी अडकायची. ट्रॅक्टर काट्यावर उभा, मागं रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि इकडे ईडीपी, म्हणजे संगणक विभागात बिल पहाटेपर्यंत चाललेलं. सर्व्हर नवा होता. एक जीबी रॅम, मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या दोन स्कझी डिस्का. त्यातल्या दुसऱ्या डिस्कवर फक्त बॅकअप पडायचा.

ईडीपी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मशीन बदलायचं असंल तर आत्ताच सांगा. बोर्डापुढं विषय घ्यावा लागंल, तीन कोटेशनं मागवावी लागतील, तंवर हंगाम संपंल."

"मशीन चांगलं आहे साहेब. आज रात्री बिल लावा, मी शेजारी बसते."

त्या रात्री मी तीनच गोष्टी पाहत होते. फ्री ही कमांड सांगत होती की एक जीबीतली बहुतेक रॅम लिनक्सनं फाइलींच्या कॅशेसाठी वापरली आहे, म्हणजे मेमरी वाया जात नव्हती. व्हीएमस्टॅटमध्ये डिस्कवर लिहिलं जाणं अखंड चालू दिसत होतं. बिल तर वाचतं, मग लिहितंय कोण? उत्तर डेटाबेसच्या फोल्डरात होतं. पीजीएसक्यूएल_टीएमपी या डिरेक्टरीत फाइली उगवत होत्या, वाढत होत्या, नाहीशा होत होत्या, परत उगवत होत्या. हंगामातल्या साऱ्या चिठ्ठ्या गट, गाव आणि खातेदार अशा क्रमानं लावायच्या आणि त्यांना सोसायटीची वसुली, बियाण्याची उचल, पाणीपट्टी असं सगळं जोडायचं, हे बिलाचं काम. क्रम लावायला ७.३ एका सॉर्टमागं १ एमबी मेमरी द्यायची. त्यात न मावलेलं सगळं डिस्कवर.

डिस्कवरची ती सॉर्ट कशी चालायची, ते मी मागाहून पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये वाचलं. ती डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथाच्या १९७३ सालच्या तिसऱ्या खंडातली, पॉलिफेज मर्ज ही रीत होती. चुंबकीय टेपांच्या काळात, मोजक्या टेपांवर मोठी यादी लावण्यासाठी शोधलेली. पोस्टग्रेस सात टेपा आहेत असं धरून चालत होतं. स्कझी डिस्कच्या त्या सर्व्हरवर, कुठंही एक टेप नसताना, उसाची बिलं सात काल्पनिक टेपांवरून गुंडाळली आणि उलगडली जात होती. हा कोड टिकाऊही फार निघाला. पॉलिफेज मर्ज पोस्टग्रेसमधून गेली ती २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत.

काट्यावरची चिठ्ठी का अडकते, हेही त्यातून उलगडलं. नोंद पक्की होण्यासाठी पोस्टग्रेस ती आधी लॉगमध्ये लिहितं आणि डिस्कनं 'लिहिलं' म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. १०,००० फेऱ्यांची डिस्क एक फेरी ६ मिलिसेकंदांत पुरी करते. काट्याला सेकंदाला दहा चिठ्ठ्यांचीही गरज नव्हती, त्यामुळे एरवी हा वेळ कुणाला जाणवलाही नसता. पण त्याच डिस्कचं हेड बिलाच्या तात्पुरत्या फाइलींमागं या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होतं आणि चिठ्ठी आपला नंबर येण्याची वाट पाहत होती.

उपाय साधे होते. बिलाच्या सेशनपुरती सॉर्टची मेमरी ६४ एमबी केली. 'पुरती' हा शब्द इथं जपून घ्यायचा. ही मेमरी प्रत्येक सॉर्टला वेगळी मिळते. सगळ्यांनाच ६४ एमबी दिले असते आणि काट्यावरची, गट ऑफिसांची, अकाउंट्सची वीसेक कनेक्शनं एकदम क्रम लावायला बसली असती, तर एक जीबीचं यंत्र स्वॅपमध्ये जाऊन सकाळपर्यंत हललंच नसतं. बॅकअप रात्री नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राकडे वळवला, रिकाम्या झालेल्या दुसऱ्या डिस्कवर लॉगची डिरेक्टरी नेली आणि जुन्या जागी तिची लिंक ठेवली. यंत्रात कॅशे किती आहे, याचा अंदाज पोस्टग्रेसला देणारं एक सेटिंग असतं. ते मूळ ८ एमबीवर होतं, ते ७०० एमबीच्या आसपास नेलं. त्यानं मेमरी एक बाइटही जास्त लागत नाही, फक्त इंडेक्स वापरायला डेटाबेस बिचकत नाही. बफर ६४ वरून ८,००० केले, म्हणजे जवळपास ६४ एमबी, आणि त्यासाठी शममॅक्स १२८ एमबी करून ती ओळ सिस्टिमच्या फाइलमध्ये लिहून ठेवली, नाहीतर वीज गेल्यावर सर्व्हर परत उठला नसता. पुढच्या पंधरवड्याला बिल जेवणाच्या सुट्टीत बसलं. काट्यावरून फोन आला नाही. बोर्डापुढचा विषय निघालाच नाही.

बफर ६४ एमबीच का, एक जीबीतले निम्मे का दिले नाहीत, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचं एक उत्तर स्टोनब्रेकर यांच्या १९८१ च्या निबंधात आहे. ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःचा फाइल कॅशे ठेवते आणि डेटाबेसही स्वतःचे बफर ठेवतो. तेच पान दोन ठिकाणी बसतं, आणि पान कधी टाकायचं याची ऑपरेटिंग सिस्टिमची समज डेटाबेसच्या कामाची नसते, अशी त्यांची तक्रार होती. ओरॅकल आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी यांना ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅशे टाळून थेट डिस्कशी बोलता येतं, म्हणून तिथं यंत्राची ७०-८० टक्के रॅम डेटाबेसला द्यायची पद्धत पडली. पोस्टग्रेसनं कर्नलच्या कॅशेवर विसंबून राहणं पसंत केलं. म्हणूनच त्याचं मॅन्युअल आजही पाव हिश्शापासून सुरुवात करा म्हणतं आणि ४० टक्क्यांच्या पुढं फारसा लाभ नाही असं बजावतं.

दुसरं उत्तर त्या काळापुरतं होतं. जुन्या आवृत्त्यांना मोठ्या बफरांचा सांभाळ नीट जमत नसे. तो सुधारताना एक विलक्षण प्रकरण घडलं. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत निम्रॉड मेगिद्दो आणि आपल्या मुंबई आयआयटीत शिकलेले धर्मेंद्र मोधा यांनी २००३ मध्ये एआरसी नावाची रीत मांडली. कामाचा रागरंग पाहून कुठली पानं धरायची आणि कुठली सोडायची हे ती स्वतःच ठरवते, बाहेरून कुठलाही आकडा द्यावा लागत नाही. जानेवारी २००५ च्या पोस्टग्रेस ८.० मध्ये ती आली. मग आयबीएमनं तिच्या पेटंटसाठी अर्ज केल्याचं ध्यानात आलं. एप्रिलमध्ये ८.०.२ काढून तिच्या जागी टू-क्यू ही जुनी रीत बसवली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या ८.१ मध्ये तीही गेली आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरत पानं निवडणारी पद्धत आली. तीच आजवर चालू आहे. एका वर्षात तीन पद्धती. त्या वर्षी ज्यांनी बफरांचे आकडे घोटून घोटून बसवले होते, त्यांना ते दर खेपेला पुन्हा तपासावे लागले.

शममॅक्सची कटकट मात्र आणखी आठ वर्षं राहिली. ८.२ मध्ये बफरांचं डिफॉल्ट ३२ एमबीपर्यंत आलं, पण लिनक्सची मर्यादाच तेवढी असल्यानं डिफॉल्ट त्यापुढं नेता येईना. रॅम १६ जीबी, ३२ जीबी झाली तरी १९८० च्या दशकातल्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या काळची ती व्यवस्था तशीच. २०१३ च्या ९.३ मध्ये रॉबर्ट हास यांनी मेमरी मागण्याचा मार्गच बदलला. सिस्टिम फाइव्हचा एक चिमुकला तुकडा ओळखीपुरता ठेवला आणि बाकी सगळी मेमरी एममॅप या दुसऱ्या वाटेनं घेतली. डिफॉल्ट लगेच १२८ एमबी झालं. लिनक्सनंही पुढच्या वर्षी, ३.१६ मध्ये, शममॅक्सची मर्यादा उठवल्यात जमा केली. माझ्या कपाटातल्या वहीत कुठल्या सर्व्हरला शममॅक्स किती, याची यादी आहे. ९.३ नंतर तिच्यात भर पडली नाही.

या सगळ्या काळात काही आकडे कायमचे गेले, आणि ते गेले याचा मला आनंद आहे. रिकाम्या जागेचा हिशेब ठेवणारं मॅक्स एफएसएम पेजेस हे सेटिंग कमी पडलं की टेबल गुपचूप फुगत राहायचं. २००९ च्या ८.४ मध्ये तो हिशेब डिस्कवर गेला आणि सेटिंग संपलं. व्हॅक्युम, म्हणजे टाकाऊ नोंदींची सफाई, रात्री क्रॉनमधून लावावा लागे, तो २००८ च्या ८.३ पासून आपोआप होऊ लागला. चेकपॉइंट, म्हणजे बदललेली पानं बफरांतून डिस्कवर उतरवणं, किती लॉग फाइलींनंतर घ्यायचा हा आकडा वर्षानुवर्षं ३ होता, म्हणजे ४८ एमबी लिहून झालं की सारी डिस्क धापा टाकू लागायची. ९.५ मध्ये तो जाऊन त्या जागी १ जीबीची कमाल मर्यादा आली. राहिलेल्या आकड्यांसाठी ग्रेग स्मिथ यांनी पीजीट्यून लिहिलं. रॅम किती, कनेक्शनं किती, काम कसलं, हे सांगितलं की ते त्या मापाची फाइल काढून देई. २०१० चं त्यांचं पुस्तक मी किती जणांना वाचायला दिलं असेल. त्यात पहिल्यांदा डिस्क आणि मेमरीचा वेग मोजायला शिकवतात, डेटाबेसच्या सेटिंगकडे मागाहून येतात. तो क्रमच बरोबर आहे.

एक आकडा मात्र हललेला नाही. रँडम पेज कॉस्ट, ४.०. ओळीनं पानं वाचण्याचा खर्च १ धरला तर इथलं एक, तिथलं एक असं उचलण्याचा खर्च किती, तो हा आकडा. सेलिंजर यांच्या सूत्राचाच हा वारसा. फिरणाऱ्या डिस्कवर असं उचलणं चारपटीहून कितीतरी महाग पडतं. मॅन्युअल त्याचा खुलासा असा करतं की चाळीसपट महाग धरा, पण अशा वाचनांपैकी नव्वद टक्के कॅशेतूनच भागतील असंही धरा, म्हणजे साधारण चार. हा अंदाज फिरणाऱ्या डिस्कसाठी चोख होता. एसएसडीला हेडही नाही आणि फेरीही नाही. तिथं मी तो १.१ करते आणि मोठ्या टेबलांच्या क्वेरींचे आराखडे आधी-नंतर ताडून पाहते. पुष्कळदा नुसत्या या बदलानं डेटाबेस पुरं टेबल चाळणं सोडून इंडेक्सकडे वळतो.

ढगातले सर्व्हर आले तसं यंत्र नजरेआड गेलं आणि आकड्यांच्या जागी सूत्रं आली. ॲमेझॉनच्या आरडीएसमध्ये इनोडीबीच्या बफराला मेमरीचा तीन-चतुर्थांश आणि पोस्टग्रेसला पाव, असं लिहिलेलंच असतं. तुम्ही लहान यंत्र घ्या की मोठं, भागाकार ते करतात. मायएसक्यूएल ८.० मध्ये एक सेटिंग चालू केलं की डेटाबेस रॅम पाहून स्वतःच माप घेतो. २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या डेना व्हॅन एकन आणि अँडी पाव्हलो यांनी यंत्रालाच ट्यूनिंग शिकवणारं ऑटरट्यून मांडलं. त्याची कंपनीही निघाली, २०२४ मध्ये ती बंद पडली. कंटेनरमध्ये तर नवाच घोळ होतो. आत बसलेल्या प्रोग्रामनं रॅम किती विचारलं की त्याला बाहेरच्या अख्ख्या यंत्राची ६४ जीबी दिसते, आणि वाट्याला आलेली असते ४ जीबी. त्यावर विसंबून माप घेतलं की कर्नल प्रोसेस मारून टाकतो. अशा वेळी कंटेनरची मर्यादा हातानं पाहून आकडा हातानंच घालावा लागतो, २००३ सारखाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये पोस्टग्रेस १८ आलं. त्यात डिस्कवरची वाचनं एकामागून एक न करता एकदम अनेक मागवायची सोय झाली, आणि एका वेळी किती मागवायची याचं डिफॉल्ट १ वरून १६ वर गेलं. एकाच हेडच्या डिस्कसाठी बसवलेला आणखी एक आकडा त्यानं निघाला. शेअर्ड बफर्स अजून १२८ एमबी आहेत आणि रँडम पेज कॉस्ट ४.०. आमच्याकडे एनव्हीएमई डिस्का आहेत. त्यांच्यावर १६, ६४ आणि २०० असे तिन्ही आकडे लावून पाहायचं काम मी हाताखालच्या दोघांना दिलं आहे, आणि हिट रेशोच्या ऐवजी थांबलेला वेळ मोजून आणायला सांगितलं आहे.